टिटवीला सांगायचं राहिलेलं पाणथळ

दचकू नका, ही मी बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली वही. तीनदा पाण्यात पडून वाळल्यापासून मी नीट मिटत नाही, त्यामुळे गप्प बसणंही मला जमत नाही.

एका बाइंडरने मला शिवलं आणि माझ्या दोनशे बहिणींबरोबर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या भांडारात धाडलं. तिथून मी ज्याच्या हाती आले, त्याला सगळे नमुनेवाला म्हणत. नाले, ओढे, डबकी, दलदली पालथ्या घालून बाटल्या भरून आणायच्या, हे त्याचं काम. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला बाटल्यांची पेटी आणि खिशात मी.

मी येण्याआधी तो बाटलीच्या लेबलावर एकच शब्द लिहायचा, घाण. एके दिवशी प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाईंनी अख्खी पेटी परत पाठवली.

"काका, नुसतं घाण लिहून कसं चालेल? कशी घाण, ते लिहा. आणि इंग्रजीत लिहा. वर अहवाल इंग्रजीतच जातो."

पंचेचाळिशीचा तो माणूस मग पहिलीत बसल्यासारखा शब्द गिरवायला लागला. टर्बिड म्हणजे गढूळ. स्टॅगनंट म्हणजे साचलेलं. ऑइली म्हणजे तवंग आलेलं. स्लज म्हणजे तळाचा गाळ, आणि फाउल म्हणजे नाक मुठीत धरायला लावणारं. बाई मार्श, स्वॉम्प आणि बॉग यांतला फरक सांगायच्या. मार्शमध्ये गवत, स्वॉम्पमध्ये झाडं, बॉगमध्ये कुजलेलं शेवाळ.

"आपल्याकडे काय," तो म्हणायचा, "चिखल, राड, रेंदा, गाळ, चिबड, दलदल, पाणथळ. गरीब बिचारी भाषा आपली."

बाई हसायच्या आणि तो माझ्यात आणखी एक शब्द टिपून घ्यायचा.

नमुने घ्यायच्या ठिकाणांपैकी चौथं ठिकाण म्हणजे एक पाणथळ होतं. त्याच्याच काठावर तो लहानाचा मोठा झाला होता. त्याची आई तिथली लव्हाळी कापून चटया विणायची. माझ्या पहिल्या पानावर त्या ठिकाणापुढे मडी, म्हणजे चिखलाचं, एवढंच लिहिलंय. पुढे टर्बिड आलं, मग ऑइली. फाउल लिहिताना त्याने पेन्सिल इतकी दाबली, की मागच्या दोन पानांवरही तो शब्द उमटला. त्या दिवशी तो डबा न खाताच घरी गेला.

निवृत्त झाल्यावर माझी बरीच पानं कोरी आहेत म्हणून त्याने मला मागून घेतलं. घरात तो एकटाच. मुलगी समुद्रापलीकडे संसाराला लागलेली, नात तिकडेच जन्मलेली. नात अखंड बडबडते म्हणून तो तिला टिटवी म्हणतो. रविवारी सकाळी फोन येतो. "आजोबा, बरं आहे का?" एवढं मराठी बोलून झालं, की टिटवीची गाडी इंग्रजीवर जाते आणि आजोबा नुसते हं हं करत राहतात.

एका रविवारी तिने विचारलं, तुम्ही वाढलात ती जागा कशी होती? शाळेत लिहून न्यायचं होतं.

"बाबा, तुम्ही मराठीत सांगा, मी सांगते तिला," मुलगी म्हणाली.

"नको गं. एवढं तरी माझ्या तोंडून कळू दे तिला."

त्याने चष्मा लावला आणि मला उघडलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. मेला माझा जन्म. माझ्यात एक शब्द धड असेल तर शपथ. शेवटी त्याला अहवालाचा छापील तक्ता आठवला आणि त्यातली चांगल्यातली चांगली नोंद तो इंग्रजीत म्हणून दाखवू लागला. वास, निल. तेल, निल. तरंगता कचरा, निल. गाळ, निल.

मग टिटवी म्हणाली, निल म्हणजे तर काहीच नाही. मग आजोबा, तिथे होतं तरी काय?

फोन ठेवून त्याने चष्मा काढला. मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्याने केमिस्ट बाईंना फोन लावला. आता त्यांचेही केस पिकलेत. लव्हाळीला काय म्हणतात ते विचारलं, रीड मिळालं. चतुराला ड्रॅगनफ्लाय, बगळ्याला हेरन. रोज एक शब्द माझ्या कोऱ्या पानांवर उतरू लागला. मग त्याने विचारलं, "बाई, अनवाणी पाय ठेवला की जमीन हळूच खाली जाते, बोटांतून गार पाणी वर येतं, आणि पाय उचलला की ती परत वर येते. याला काय म्हणतात?"

"त्याला शब्द नसेल काका. वाक्य लागेल."

त्याने तीन आठवडे ते वाक्य घडवलं. पडताळून पाहावं म्हणून मला खिशात घालून तो चौथ्या ठिकाणी गेला. तिथे भराव पडला होता. रोलर फिरलेला, तारांचं कुंपण, आणि एका कोपऱ्यात काळ्या पाण्याचं डबकं. कुंपणाला हात लावून तो उभा राहिला आणि तसाच परतला.

रविवारी त्याने ते वाक्य वाचून दाखवलं. अडखळत, पण सगळं. मग टिटवीने विचारलं, सुट्टीत आले, की मी तिथे पाय ठेवू शकेन?

तीस वर्षांत या माणसाने एकही खोटं लेबल लिहिलं नव्हतं.

"येस," तो म्हणाला.

आता तिकिटं निघालीत. दीड महिना उरलाय. रोज सकाळी तो मला घेऊन निघतो, कुणी सांगेल तिकडे जातो, चपला काढून ओल्या जमिनीवर पाय ठेवून बघतो. अकरा जागा झाल्या. अकराही माझ्यात लिहून खोडल्यात. त्याचे गुडघे दुखतात, पण तो कुणाला सांगत नाही.

म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. पाय ठेवला की हळूच खाली जाणारी आणि उचलला की परत वर येणारी ओली जमीन तुमच्याकडे कुठे उरली असेल, अगदी चटईएवढी का असेना, तर तिच्यावर भराव घालू नका. आणि आम्हाला तेवढा रस्ता सांगा. लांब असली तरी चालेल.