खारट हाताची देवी

कोपरीच्या कोळीवाड्यात त्या मे महिन्यात रांग लागली होती ती आठ वर्षांच्या मंजुळाचा हात चाटायला. हो, चाटायलाच! दामाजी भगत गोड्या पाण्यानं तिचा हात धुवायचा, धुनीशेजारी बसवायचा आणि थोड्या वेळानं ओरडायचा, "खाडीमाय आली! चाखा, हात खारा झाला!" दिवेलागणीला पोर समईवर धडपडली, तर म्हणे देवीनं डोळे आत वळवले.

मी तिथला डॉक्टर. बावीस वर्षं असल्या देव्या बघून मला आता रागही येत नाही, नुसती झोप येते. पण पोरीच्या बरगड्या दिसल्या आणि झोप उडाली. भगतानं मासळी, तेल सगळं बंद करून तिला कोरड्या भातावर ठेवलं होतं.

"धुनी विझवा, पंखा लावा," मी म्हणालो. "आता धुवा हात."

थोड्या वेळानं तिच्या आईनं, शेवंतीनं, हात चाखला. "डाक्टर, खारा नाय वो!"

"देवी रुसली!" दामाजी म्हणाला.

"पंख्याला रुसते होय रे तुझी देवी? घाम आहे तो."

"घाम तर आमचापन खारा," शेवंती म्हणाली.

"हिचा फार जास्त. मुका घेतला की खारट लागते, हे तूच मला सांगितलं होतंस. मी मूर्खासारखं म्हटलं, खाडीवरचं पोर, मीठ लागणारच."

मुंबईच्या इस्पितळात घाम तपासला. सिस्टिक फायब्रोसिस, जन्मजात आजार. घामातून मीठ फार जातं. शिवाय तेल-तूप पचत नाही, मग त्यात विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. 'अ' कमी पडलं, म्हणून अंधार पडला की दिसेना. पाचक औषध, जीवनसत्त्वं आणि पोटभर मासळी सुरू केली. पंधरवड्यानं मंजुळा तिन्हीसांजेला कोळंबी निवडत होती.

आणि सोमवारी माझ्याच दारात रांग. हातात नारळ!

"डाक्टर, ती डोल्यांची गोली आमालापन द्या. तुमच्या हाताला गुन हाय."

मी कपाळाला हात लावला. "अरे, आजार गेलेला नाही तिचा. औषध जन्मभर लागणार. तुम्ही उगाच खाल्लंत तर बाधेल."

कुणी हलेना. तेव्हा शेवंतीच उठली.

"नारल घरी न्या," ती म्हणाली. "माजी पोर मी दोन महिने उपाशी ठेवली, देवी म्हनून. तुमच्या पोराचा मुका खारट लागला, तर पाया पडू नका. दवाखान्यात न्या."