दुसरी ओळ

दुसऱ्या ओळीवर सविताचा खडू थांबला.

"ए क्रॉस, कंसात बी क्रॉस सी. इंडेक्स पद्धतीनं सिद्ध करा," एवढंच मुलाखत घेणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं. तेरा वर्षं पारनेरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून तिला हा सदिशांचा तिहेरी गुणाकार झोपेतसुद्धा आला असता. पण आज कायमची एकच जागा होती आणि पुढची जाहिरात निघेपर्यंत तिचे केस पांढरे झाले असते. त्या धास्तीत बाहेरच्या गुणाकाराची आय आणि जे ही अक्षरं तिने आतल्या गुणाकारालाही देऊन टाकली. एका पदात एक अक्षर दोनदाच चालतं. तिसऱ्यांदा आलं की कशाची जोडी कशाशी, काही कळत नाही. हे ती पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावायची.

तज्ज्ञ मोबाईलमध्ये होते. संस्थेचे आप्पासाहेब जांभई देत होते. शेवटची ओळ तिला तोंडपाठ होती; लिहून मोकळी झाली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हात मात्र पुढे जाईना. तिने फळा पुसला.

"चुकलं माझं. परत करते."

"आँ? बाई, तेरा वर्षं शिकवताय न् अजून चुकतंय व्हय?" आप्पासाहेब म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. टाइम संपला. पुढच्याला पाठवा."

बाहेर बाकावर अश्विनी बसली होती. सविताचीच जुनी विद्यार्थिनी आणि याच जागेची शेवटची उमेदवार.

"मॅडम, काय विचारलं वो? मला तर काईच आठवंना."

कशाला सांगायचं, असं सविताच्या मनात आलं. येणारच, ती काही संत नव्हती. पण घाबरलेली पोरगी समोर दिसली की तिला राहवायचं नाही.

"ट्रिपल प्रॉडक्ट. सगळ्यांना तेच विचारतायत. आतल्याला एल, एम घे, आय-जे नको. तिथंच पाय घसरतो."

शिपायाने हाक मारली. अश्विनी आत गेली.

सविता निघणार होती, पण दाराशीच थांबली. दाराआडून खडूचा आवाज येऊ लागला. पहिली ओळ. दुसरी. तिने श्वास रोखला. खडू थांबला नाही. तिसरी, चौथी, आणि मग उत्तराखाली ओढलेली लांब रेघ.

पोरीचं बरोबर आलं होतं. सविताला आधी हायसं वाटलं, आणि मग रडू आलं.