शनिवारच्या खिरीचा चाटू

जरा दमानं घ्या. मी चाटू बोलतोय, आणि मला बोलण्याची सवय नाही, ढवळण्याची आहे. पंचेचाळीस वर्षं ढवळतोय. भूर्जाच्या लाकडाचा, लांब दांड्याचा, पुढे वाटीसारखा खोलगट असा मी. घडलो तेव्हा चांगला हातभर होतो. आता नाही.

मला हाल्वोरनं घडवलं. तो गावातल्या शाळेची बस चालवायचा. नॉर्वेच्या आमच्या दरीत हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधारतं, मग माणसं चाकू आणि लाकूड घेऊन खिडकीशी बसतात. त्या हिवाळ्यात त्याची मुलगी मारित जन्मली होती. आठवडाभर तो मला कोरत होता. मग त्यानं मला बायकोपुढे ठेवलं.

सिग्रूननं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "दांडा वाकडा आहे."

"तू तरी कुठं सरळ आहेस?" हाल्वोर म्हणाला.

ती हसली आणि तिनं मला चुलीवरच्या भांड्यात घातलं. मला घरात घेतलं गेल्याचा सोहळा एवढाच.

शनिवारी या घरात खीर होते. तांदूळ आधी थोड्या पाण्यात शिजवायचा, मग त्यात दूध घालायचं, एकेक पेला, आणि तासभर ढवळत राहायचं. वर दालचिनी, साखर, आणि मधोमध लोण्याचा गोळा. तो वितळून पिवळा डोळा होतो, आणि त्या डोळ्याकडे कोण आधी चमचा नेतो यावरून दर शनिवारी भांडण. खीर करायला सोपी आहे, पोरंही करतात. पण तळाशी दूध लागू द्यायचं नाही. ते काम माझं. तळ खरवडत फिरायचं, तासभर, न थांबता. चार-पाच शनिवार मजा येते. मग फक्त शनिवार येत राहतात.

सिग्रून उजव्या हाताची. उजव्या हातात मला धरलं की माझा दांडा उजवीकडे कलतो आणि डावी कड तळाला लागते. वर्षानुवर्षं तीच कड घासली. चाळीस वर्षांत माझं टोक घराच्या उतरत्या छपरासारखं तिरकं झालं. तेवढं लाकूड गेलं कुठं? खिरीत गेलं. म्हणजे या माणसांच्याच पोटात गेलं. कुणाला कळलंसुद्धा नाही, पण मी थोडाथोडा या घरातल्या सगळ्यांनी खाल्ला आहे.

सिग्रूनला त्या उताराचा अभिमान होता. "हा माझा हात ओळखतो," ती म्हणायची. हाल्वोर गेल्यावर तर ती मला कुणाला घासूही देत नसे.

या घराचा एक नियम आहे. पोराला सात वर्षं पुरी झाली की त्यानं स्टुलावर उभं राहायचं आणि दुधाच्या पहिल्या पेल्यापासून शेवटच्या पेल्यापर्यंत एकट्यानं ढवळायचं. खीर न करपता उतरली तर माझ्या दांड्यावर चाकूनं एक खाच पाडतात. खाच मिळाली की ते पोर मोठ्यांच्या बाकावर बसतं. तोवर खिडकीखालचा बुटका बाक. पहिली खाच मारितची, हाल्वोरनं पाडलेली. दुसरी मारितच्या मुलाची, ब्रागेची. ती आजीनं पाडली, कारण तोवर आजोबा नव्हते. चाकू लागतो तेव्हा दुखतं. पण खरं सांगतो, सबंध आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढ्याच वेळी.

मग तीरिलची पाळी आली. ब्रागेची धाकटी बहीण. बुटक्या बाकावर दोन वर्षांच्या धाकट्या बहिणीशेजारी, रूनाशेजारी, बसून ती विटली होती. रूना तिच्या ताटलीत थुंकायची. वाढदिवसाआधीचा आठवडाभर तीरिलनं रिकाम्या भांड्यात माझ्यासोबत सराव केला, ओठांत जीभ धरून. आईनं विचारलं, "काय करतेस?" तर म्हणाली, "हवा ढवळते."

तीरिल डावरी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यासाठी डाव्या हाताची कात्रीसुद्धा आणली होती. पण चाटूलाही हात असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते माझ्याच, आणि मी पडलो मुका.

पहिल्या शनिवारी तिनं मला डाव्या हातात धरलं. माझा दांडा डावीकडे कलला आणि तळाला लागलं ते माझं उजवं टोक. कधीच न झिजलेलं, अणकुचीदार. कड टेकेचना. तळाशी दुधाचा थर जमत होता आणि मी त्यातून नुसती एक बारीक रेघ ओढत होतो. मला कळत होतं. थर जाड होत होता, गरम होत होता. ती क्षणभरही थांबली नाही. बाहेर बर्फ पडत होता, तिकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. आणि तरी वास आला.

सिग्रूननं नाक वर केलं. "करपली. लक्ष कुठं होतं?"

"आजी, मी थांबलेच नव्हते."

"मग खाली लागली कशी?"

पुढच्या शनिवारी जाळ कमी केला. तरी करपली. तीरिल रडवेली होऊन म्हणाली, "आजी, हा नुसता टोचतो. खरवडतच नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं! याच चाटूवर तुझी आई शिकली, ब्रागे शिकला."

"पण खरंच टोचतो गं."

"मन लावलं की नाही टोचत."

तिसऱ्या शनिवारी करपली तेव्हा आजीनं नुसतं भांडं उचलून भिजत टाकलं, आणि ते जास्त लागलं. ब्रागे मात्र गप्प बसेल तर तो ब्रागे कसला. "करपूबाई, आता रूनाची पाळी तुझ्याआधी येणार!" नाव चिकटलं. मारितनं त्याला दटावलं, पण दटावताना तीही हसली होती. ते तीरिलनं पाहिलं.

त्यानंतर तीरिल म्हणू लागली, "मला खीर आवडतच नाही." शनिवारी सगळे खिरीला जमले की ती बाहेरच्या खोलीत बसायची, पायातले बूट न काढता, मांडीवर पाव आणि तपकिरी चीज घेऊन. आतून चमच्यांचे आवाज यायचे. मी कितीतरी भांडी ढवळली आहेत, पण त्या दिवसांइतका जड मी कधीच नव्हतो. चूक माझ्या अंगात होती आणि बोलणी ती पोर खात होती.

फेब्रुवारीत सिग्रून पडली. रस्त्यावरच्या पेटीतून वर्तमानपत्र आणायला गेली आणि बर्फावरून घसरली. साऱ्या घराला "बुटांना काटे लावा, काटे लावा" म्हणून ओरडणारी बाई, आणि तिचे काटे दाराशी खिळ्यालाच लटकत होते. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

"आई, मी भांडं दुलईत ठेवते," मारित म्हणाली. "एक उकळी आणायची, गुंडाळून पलंगात ठेवायचं, दोन तासांत खीर तयार. अर्धा देश तेच करतो."

"अर्ध्या देशाची खीर मी खाल्लीये. दुलईसारखीच लागते."

"अगं, पण एका हातानं कशी ढवळणार?"

"ढवळतात एकाच हातानं. डावा आहे की."

मला तर दुलई चालली असती. फार दमलो होतो. पण माझं कोण विचारतो?

सिग्रूननं मला डाव्या हातात धरलं आणि तासभर ढवळलं. तिचं लक्ष कुठंही नव्हतं, फक्त भांड्यात होतं. पंचाहत्तर वर्षांची बाई, दर शनिवारी हेच करत आलेली. आणि वास आला.

ब्रागेनं तोंड उघडलं, तर मारितनं बाकाखालून त्याचा पाय दाबला. बाहेरच्या खोलीतला पाव खायचा आवाज थांबला. तीरिल दारात येऊन उभी राहिली. ती हसत नव्हती. नुसती बघत होती.

सिग्रूननं खीर दुसऱ्या भांड्यात ओतली आणि तळ पाहिला. करपलेला काळा थर, आणि त्यात गोल गोल फिरलेली एक बारीक पांढरी रेघ. तिनं मला त्या रिकाम्या भांड्यात डाव्या हातानं टेकवलं. टोक टेकलं, कड नाही. मग प्लास्टरमधून डोकावणाऱ्या उजव्या बोटांत मला कसंबसं धरून टेकवलं. सगळी कड तळाला बसली. तिनं हे दोनदा केलं.

"अंगणच वाकडं होतं," ती म्हणाली. मग मला हातात घेऊनच दारापाशी गेली. "तीरिल, खीर तू नव्हती करपवलीस."

"मी सांगत होते तुला."

"हो. सांगत होतीस."

"तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं. चुकलं माझं." या बाईच्या तोंडून हे शब्द मी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. हाल्वोरनंही ऐकले नसावेत.

तीरिलनं माझ्याकडे पाहिलं. "मग कुणी करपवली? यानं?"

"मी. इतकी वर्षं एकाच बाजूनं घासून." सिग्रूननं नाक ओढलं. "तुला नवा आणू. डाव्या हाताला चालेल असा."

"मला नवा नको. नव्यावर आईची खाच नाहीये."

आजीनं माझ्या उतारावरून अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाल्वोर होता तेव्हाचे सारे शनिवार त्या उतारात होते. मला ठाऊक होतं ती काय मोजतेय. मग तिनं मला मारितकडे दिलं. "तुझ्या बाबांची बारीक करवत खालच्या कप्प्यात आहे. सरळ काप."

"आई, नक्की?"

"काप म्हटलं ना."

ब्रागेनं मला पाटावर दाबून धरलं, मारितनं करवत चालवली. दोन बोटं लाकूड पडलं. सिग्रूननं तो तुकडा उचलून चुलीत टाकला आणि पेटताना बघत उभी राहिली. ब्रागेला दूध आणायला पिटाळलं. तीरिलनं बूट काढले आणि स्टूल ओढलं.

त्या दिवशीची खीर पातळ झाली. आजीनं चाखली. "पातळ आहे."

"पण करपली नाही," तीरिल म्हणाली.

"नाही करपली."

खाच आजीनंच पाडली, हट्टानं, डाव्या हातानं. ती वाकडी आली. तीन खाचांत ती लगेच ओळखू येते. ब्रागे मोठ्या बाकावर सरकला आणि म्हणाला, "ये बाई, बस. पण लोण्याचा डोळा माझा."

याला पाच वर्षं झाली. सिग्रूनचं मनगट सांधलं, पण त्यात जोर आला नाही. ती चुलीशेजारी खुर्चीवर बसते आणि सूचना देते, मागितल्या नाहीत तरी. ढवळते तीरिल. ती मला फार दाबून धरते, करपण्याची धास्ती तिच्या हातातून अजून गेलेली नाही. माझं लाकूडही आता जुनं, मऊ. भराभर झिजतं. या वेळी उजवी कड झिजली.

गेल्या शनिवारी रूना सात वर्षांची झाली. स्टुलावर चढली, मला उजव्या हातात धरलं. मी तळाला टेकलो. तेच टोचणं, तीच बारीक रेघ, फक्त बाजू दुसरी. शेवटच्या पेल्याला वास आला.

"करपूबाई नंबर दोन!" ब्रागे ओरडला. पंधरा वर्षांचा घोडा झालाय, अक्कल आली नाही.

रूनाचा चेहरा पडला. "मी थांबले नव्हते," ती पुटपुटली.

तीरिल जागची उठली. आता ही आजीसारखंच काय म्हणणार, ते मला पाठ होतं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. सिग्रून खुर्चीतून तीरिलकडे बघत राहिली.

तीरिलनं तोंड मिटलं. रूनाच्या हातातून मला घेतलं, फडक्यानं पुसलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि एक डोळा मिटून माझी कड पाहिली.

"रूना," ती म्हणाली, "तुझं काही चुकलेलं नाही. ती खालच्या कप्प्यातली करवत आण."

सिग्रूननं तोंड चुलीकडे वळवलं. धूर डोळ्यांत गेला म्हणाली. त्या दिवशी धूर नव्हता.

तर आता मी असा आहे. हातभराचा दीड वीत उरलोय, दांड्यावर चार खाचा, आणि पुढे वाटीच्या नावाखाली जेमतेम एक पसरट खळगा. ढवळताना वाफ पोरांच्या बोटांना लागते, म्हणून ती हातात लोकरी मोजा घालतात. एका खिळ्याला लटकून स्वस्थ पडावं असं मला फार वाटतं. पण मारितच्या दिराला बाळ झालंय, त्यालाही शनिवारी इथंच आणणार म्हणतात. अजून सात वर्षं.

मी दमलोय, आणि मला कापतात याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, तुमच्या घरी काही करपलं तर पोराला बोलण्याआधी एकदा चाटूची कड बघा. आम्ही तिरके होतो, आम्हाला ते कळतं, आणि आम्हाला सांगता येत नाही.