बिनपट्ट्याच्या कुऱ्हाडी

दादाने वापरून दिलेल्या दोन्ही बर्फकुऱ्हाडींचे मनगटी पट्टे धाकटीने कचाकच कापले आणि मावशीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात केराच्या टोपलीत टाकले.

"आता तुझा भाऊ माझ्या नावाने शंख करणार," मावशी म्हणाली आणि पाना शोधायला लागली.

शंख तर कधीचाच चालू होता. गोठलेल्या धबधब्यावर चढणाऱ्या क्लबचा दादा प्रमुख. मागच्या हिवाळ्यात धाकटी तिथे घसरली. कुऱ्हाड बर्फात रुतून राहिली आणि पट्ट्यात अडकलेलं मनगट मोडलं. तिला झेललं दोराने, पण दादा गावभर सांगत सुटला की पट्टा होता म्हणून पोरगी वाचली. या रविवारी दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढायची पाळी तिची होती. पट्टा नसेल तर पाळी विसर, असं त्याने बजावलं होतं. धाकटी हट्टाला पेटली.

पट्टा काढला की सरळसोट दांड्यावरून पंजा खाली घसरतो, म्हणून तळाशी करंगळीला टेकू हवा. तिने ड्रिल उचललं. मावशीने ते हिसकावलं. "भोक पाडलंस तर दांडा तिथेच मोडेल, शहाणे! आवळून बसवू." सायकलच्या सीटचा क्लॅम्प, त्याला ब्रेकच्या लिव्हरचा वाकडा तुकडा आणि वरून जुनी ट्यूब गच्च गुंडाळलेली. रूप काही नव्हतं, पण पकड झकास होती.

सरावाच्या बर्फावर मात्र धाकटी सगळ्यांदेखत तोंडघशी पडली. टेकू उघड्या पंजाच्या मापाने बसवला होता आणि जाड हातमोज्यातली करंगळी त्यात मावेचना. "फिटली हौस?" दादाने विचारलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात परत येऊन ती हातमोजे चढवून बसली आणि घामाघूम होत तिने टेकू खाली सरकवून घेतला.

रविवारी धबधब्याखाली दादाने सगळ्यांसमोर नवे पट्टे पुढे केले. "लाव."

"नाही लावणार."

"मग मी दोर धरणार नाही."

"नको धरूस. दुसऱ्या कुणाला विचारते."

चारचौघांत हे ऐकल्यावर त्याने निमूटपणे दोर धरला. धाकटी चढली. एक पंजा बधिर झाला की सरळ सोडून झटकायचा, हव्या त्या हाताने हवी ती कुऱ्हाड धरायची. बक्कल सोडा, बक्कल लावा ही कटकटच नाही. माथ्यावर पोचून तिने बर्फात खिळे ठोकले आणि वरून दोर ताणला. आता दादाची पाळी.

कडेच्या जरा खाली त्याचे पाय सटकले. कुऱ्हाड रुतलेली, मनगट पट्ट्यात आणि सगळा भार त्यावर. तो कळवळला.

धाकटीने अंगातलं सगळं बळ लावून दोर वर खेचला. "पट्टा सोड!"

"पडेन गं!"

"दोर माझ्याकडे आहे. सोड म्हणते ना!"

त्याने दातांनी बक्कल सोडवलं आणि तो धापा टाकत वर आला. मनगट लालभडक झालं होतं, पण मोडलं नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"खाली कुणाला बोलू नकोस," तो मनगट चोळत पुटपुटला.

"बोलणार," धाकटी म्हणाली. "माझं मोडलं तेव्हा जे सांगायचं ते तू सांगितलंस. आता मी सांगणार."

आणि ती कडेशी वाकून खालच्यांना हाका मारू लागली.