सारसाच्या पोटातला माणूस

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायचं काम रंजिता हेडाऊकडे आलं, तेव्हा तिला तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती. ती त्याच कॉलेजची विद्यार्थिनी. मोहाडीला घरात हातमाग, वडील कोशाचं रेशमी कापड विणायचे, आणि ती बी.ए.ची तीन वर्षं सायकलने सात किलोमीटर जायची. वैनतीर महाविद्यालय रस्त्यालगत, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या. पावसाळ्यात व्हरांड्यातून बेडूक उड्या मारत वर्गात येत.

काम दिलं ते संस्थेचे सचिव खेमराजभाऊंनी. संस्थापक दादासाहेबांचे ते चिरंजीव, आणि कॉलेजच्या पहिल्या काही तुकड्यांपैकी एका तुकडीचे विद्यार्थी. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि सांगितलं, पुस्तक असं झालं पाहिजे की पुढे कोणी काही विचारलं तर त्याकडे बोट दाखवता यावं. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी घ्या, चालीरीती घ्या, आणि सारसाची हकीकत तर पहिल्या पानापासून घ्या.

सारस म्हणजे कॉलेजचा जीव की प्राण. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर राखेत बुडवून करडं केलेलं धोतर, वाळक्या भोपळ्याचं डोकं आणि त्याला लाल रंग. दर जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या पहिल्या सकाळी तो फाटकातून मैदानात यायचा. पहिल्या वर्षाची पोरं त्याच्यापुढे मूठभर धान टाकायची. शेवटच्या वर्षाची एकेक करून वाकायची आणि आतली दोरी ओढली की लांब मान खाली येऊन चोच डोक्याला लागायची. सगळ्यात आधी पाहुणे वाकायचे. आमदार वाकले होते, कुलगुरू वाकले होते. चोच लागलेला पोरगा त्या वर्षी नापास होत नाही असं मानायचे, आणि रंजितासुद्धा दोन हजार दोन साली इंग्रजीच्या भीतीने जरा जास्तच खाली वाकली होती.

सारसाच्या आत असायचे यादोराव गजभिये, कॉलेजचे शिपाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी जानेवारीत ते गावाहून येत आणि सांगाडा अंगावर चढवत.

रंजिताने पाच महिने गावं पालथी घातली. सिहोऱ्याला गेली, पार कोंढ्यापर्यंत गेली. गोंदियात एक निवृत्त तलाठी भेटले. ते म्हणाले की जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि आम्ही कॉलेजला परके झालो, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारायला आलं. खरे सारसही आता आमच्याकडेच उरले, असं म्हणून ते हसले. सगळ्यांच्या आठवणीत सारस होता. तो कुठून आला हे मात्र प्रत्येकाने वेगळं सांगितलं. कोणी म्हणे, पाया खोदताना तळ्यावर सारसाची जोडी उतरली आणि दादासाहेबांनी हात जोडले. कोणी म्हणे, शिकाऱ्याने मारलेल्या पक्ष्याच्या दुःखात एका विद्यार्थ्याने तो केला. त्या विद्यार्थ्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून शेवटी ती यादोरावांकडे गेली. तिच्या विद्यार्थीदशेत ते तिला नावाने हाक मारायचे. शिकवायला लागली त्या दिवसापासून मॅडम म्हणू लागले, आणि तिने कितीदा नको म्हटलं तरी सोडलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी अंगणात बाज टाकली. यादोराव म्हणाले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तिने सांगितलं की हे आता लिहिलं नाही तर कायमचं जाईल, आणि मी लिहीन ते खरं लिहीन. पार्वताबाई शेतावर गेल्या होत्या. यादोरावांनी तिच्या मोबाईलकडे पाहिलं आणि त्यावर रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं.

ते शिपाई व्हायच्या आधी त्याच कॉलेजात शिकत होते, हे रंजिताला त्या दिवशी कळलं. पंचाहत्तर साल. स्नेहसंमेलनाचं नाटक बसत होतं. यादोरावांचा आवाज मोठा आणि पाठांतर चोख, म्हणून मराठीच्या सरांनी त्यांना राजाचं काम दिलं. राजपुत्राचं काम खेमराजकडे होतं. शेवटच्या प्रवेशात वनवासातून परतलेला राजपुत्र राजाच्या पायावर डोकं ठेवतो, एवढीच गोष्ट; म्हणजे दादासाहेबांच्या मुलाचं डोकं गावकुसाबाहेरच्या गजभियांच्या पोराच्या पायावर. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना दादासाहेब तालीम पाहायला आले. पाहून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी यादोरावांना बाजूला घेतलं, त्यांच्याकडे न बघता सांगितलं की तू पडदा ओढ.

यादोराव घरी आले. बापाचं जुनं धोतर होतं. बुरडाकडून कमच्या आणल्या. तळ्यावर लहानपणापासून सारस पाहिलेला, त्याची चाल अंगात होती. संमेलनाच्या सकाळी ते फाटकाबाहेरच सांगाड्यात शिरले आणि मैदानात चालत आले. आत कोण आहे हे कोणाला माहीत नव्हतं. पोरं नाचू लागली, कोणी धान टाकलं. मंडपात दादासाहेब पाहुण्यांसोबत बसले होते. सारस त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. दादासाहेबांना गंमत वाटली. ते उठले, हात जोडले आणि सारसाच्या पायाला हात लावून वाकले. मागोमाग पाहुणे वाकले, सर वाकले, खेमराज वाकला.

“पाय माहे होते,” यादोराव म्हणाले. “लाल फडकं गुंडाळलेले. दादासाहेबांचा हात लागला तो मले आतापर्यंत आठवते. गरम होता.”

दुसऱ्या वर्षी पोरांनी सारस मागितला. तोवर बाप वारला होता, शिक्षण सुटलं होतं आणि यादोरावांना त्याच कॉलेजात शिपायाची जागा मिळाली होती. आतल्या माणसाचं नाव तेव्हा सगळ्यांना कळलं, पण आता तो शिपाई होता आणि सारस ही रीत झाली होती. त्यांनी चव्वेचाळीस वर्षं तो घातला. का, हे कोणालाही सांगितलं नाही.

रंजिताने सतरा पानं लिहिली. एकही वाक्य फुगवलं नाही. लिहून झाल्यावर तिला वाटलं, अकरा वर्षांत या कॉलेजात आपण हे एक काम केलं.

खेमराजभाऊंनी पानं तिच्यासमोर वाचली. मध्ये एकदा चष्मा पुसला. ती वाद घालायची तयारी करून आली होती, रेकॉर्डिंग आहे हे सांगणार होती. पण ते खोटं आहे असं ते म्हणालेच नाहीत.

“मी होतो ना तेथी,” ते म्हणाले. “राजाचं काम मंग दुसऱ्यानं केलं. वाक्य विसरला तो. यादो लय चांगलं करत होता.”

त्यांनी पानं मिटून तिच्यापुढे सरकवली.

“पण हे छापायचं नाही, मॅडम. बाबा गेले त्याले तीस वर्षं झाली. त्यांच्या फोटोले हार घालून आपण हे पुस्तक वाटणार का? तळ्यावरच्या जोडीचं लोक सांगतातच, तेच घ्या. यादोचं नाव टाका ना, सारस चालवणारा म्हणून. फोटो टाका मोठा.”

मग त्यांनी विषय बदलला. मराठीची पूर्णवेळ जागा मंजूर होऊन आली आहे, पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत, तुमचा अर्ज असेलच, एवढं सहज सांगितलं. या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या नाहीत. जोडायची गरज नव्हती.

 दोन दिवस रंजिताने स्वतःला बरंच काही समजावलं. आपण नाही म्हटलं तर दुसरं कोणी लिहील आणि यादोरावांचा फोटोही टाकणार नाही. रेकॉर्डिंग आपल्याजवळ आहे, पुढे कधीतरी वापरता येईल. जागा मिळाली की पक्केपणाने बोलता येईल. तिसऱ्या दिवशी तिने तळ्यावरच्या जोडीची गोष्ट लिहिली. ती चांगलीच उतरली. पहाटेचं धुकं, कुदळीचा पहिला घाव, दादासाहेबांचे जोडलेले हात. खाली तिचं नाव छापलं गेलं.

सुवर्णमहोत्सवाला नागपूरहून नवा सारस करून आणला होता. फोमचा, बॅटरीवर मान हलवणारा. आत मंडपवाल्याचा माणूस होता. जुना सांगाडा काचेच्या कपाटात उभा केला होता आणि त्यावर दादासाहेबांच्या नावाची पाटी होती. यादोरावांना तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती. निवृत्त कर्मचारी म्हणून शाल आणि नारळ मिळाला, स्मरणिकाही मिळाली. रंजिता व्यासपीठावर संपादिका म्हणून बसली होती. भाषणं चालू असताना यादोरावांनी पुस्तक उघडलेलं तिला दिसलं. त्यांनी सारसाची पानं काढली, सावकाश वाचली, परत पहिल्यापासून वाचली. जेवणाच्या रांगेत ते नव्हते.

आठ दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली. पार्वताबाईंनी नेहमीसारखं पाणी दिलं, मॅडमचं पुस्तक लय सुंदर आहे म्हणाल्या आणि आत गेल्या. रंजिताने माफी मागायला सुरुवात केली. यादोरावांनी हाताने थांबवलं.

“तुमच्यावर राग नाही. तुमचं पोट आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही इचारलं काहून? मी चव्वेचाळीस वर्षं कोणाले सांगतलं नव्हतं. ते माह्यापाशी होतं, तोवर माहं होतं. संमेलनात मोठमोठे लोक वाकत, मी आत हसत जाओ. तेवढंच होतं. आता मी आत काहून शिरत होतो ते खेमराजले माहीत झालं. आता मी काय म्हणून आत शिरू?”

 रंजिता म्हणाली की रेकॉर्डिंग आहे, मी कुठेतरी दुसरीकडे छापून आणते, नागपूरच्या एखाद्या अंकात.

“मिटवा ते.”

“काका, तो एकच पुरावा आहे.”

“माह्या पोरालेही हे माहीत नाही. सांगतलं असतं तर तो त्या कॉलेजात शिकायले गेला नसता. दुसरं कॉलेज होतं कुठं? मिटवा, मॅडम. माह्यासमोर.”

तिने मोबाईल काढला. पन्नास मिनिटांचं बोलणं होतं. बटण दाबताना तिला वाटलं, ते शेवटच्या क्षणी नको म्हणतील. ते पडद्याकडे बघत राहिले, आणि फाईल गेल्यावर त्यांनी खात्री करून घेण्यासाठी तिला पुन्हा एकदा शोधायला लावलं.

मुलाखतीत तिची निवड झाली. घरी पेढे आले, वडिलांनी माग बंद ठेवून शेजाऱ्यांना वाटले. लिहिलेली सतरा पानं तिने काही दिवस कपाटात ठेवली आणि नंतर फाडली. यादोरावांच्या परवानगीशिवाय ती ठेवणं तिला जमेना. यादोराव पुन्हा कॉलेजात आले नाहीत. फोमच्या सारसाची बॅटरी दुसऱ्याच वर्षी बिघडली, तेव्हा मान हाताने हलवायला दोन विद्यार्थी नेमले.

चार वर्षांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात रीना गजभिये नावाची मुलगी आली. ती यादोरावांची नात आहे हे रंजिताला हजेरी घेतानाच कळलं, तरी ती काही बोलली नाही. त्या सत्रात ‘आपलं महाविद्यालय’ असा प्रकल्प होता. रीनाने सारस निवडला. सुंदर अक्षर, मध्ये रंगीत चित्र. पहाटेचं धुकं, कुदळीचा पहिला घाव, जोडलेले हात. खाली संदर्भ म्हणून लिहिलं होतं, रंजिता हेडाऊ, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका.

सगळी मुलं गेल्यावर रंजिताने तिला थांबवलं. हे बरोबर नाही, असं म्हणून तिने सांगायला सुरुवात केली. नाटक, पडदा, बापाचं धोतर. आपण यादोरावांचा शब्द मोडतो आहोत हे तिला कळत होतं. पण या मुलीच्या हाताने ते धुकं लिहिलेलं तिला बघवत नव्हतं. रीना डोळे मोठे करून ऐकत राहिली. मग म्हणाली, “पण पुस्तकात असं काहून आहे मॅडम? तुम्हीच तर लिहिलं.”

“माझं चुकलं,” रंजिता म्हणाली. “घरी जाऊन आजोबांना विचार.”

दुसऱ्या दिवशी रीना तासाच्या आधीच आली. चेहरा पडलेला होता, पण बोलताना ती अदबीने बोलली, जणू बाईंना वाईट वाटू नये.

“मी आबाजीले इचारलं. ते म्हणे तसं काही झालंच नव्हतं. ते नाटकात नव्हतेच. मॅडमले कोणीतरी चुकीचं सांगतलं असंन म्हणे.” तिने वही पुढे केली. “मंग पुस्तकातलंच राहू देऊ का?”

व्हरांड्यात मुलांची गर्दी होऊ लागली होती. रंजिताने प्रकल्पाची वही पुढे ओढली.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि शेवटच्या पानावर सही केली.