तपकिरीची आई

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरी तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो. शाळेत मात्र सहा आठवड्यांत तिने एक शब्द काढला नव्हता. बालवर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीच बोलली, तर यंदा घरी ठेवा, पुढच्या वर्षी आणा." डब्याचं झाकण सैल आहे, बदलून द्या, असं सांगावं तितक्याच शांतपणे.

कारण मला दुसऱ्याच दिवशी सापडलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. रोज बघते.

बालवर्गातल्या मुलांना वाचता येत नाही, आणि चौघांची नावं सारखीच आहेत. म्हणून बाईंनी प्रत्येकाला एक रंग दिला आहे. खुंटी, पेला, टॉवेल, चटई, चपलांचा कप्पा आणि चित्रांची वही, अशा सहा ठिकाणी त्या रंगाचं गोल स्टिकर. हजेरीही रंगानेच. "लाल?" "हजर!" "निळी?" "हजर!" माझ्या मुलीचा प्रवेश सगळ्यांत शेवटी झाला. तोवर एकच रंग उरला होता. "तपकिरी?" बाईंनी विचारलं. मुलीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ती समोर दिसत होती म्हणून हजेरी लागली.

चिखलाच्या रंगाने हाक मारल्यावर कुठलं मूल ओ देईल?

"अगं, तीन वर्षांत शाळा बदलेल. रंग कोण लक्षात ठेवतंय?" नवरा म्हणाला.

"तुझं आडनाव काय आहे?"

त्याच्या आडनावाचा अर्थ 'काळा' असा होतो. त्यांच्या घराण्यात सगळे दुधासारखे गोरे आहेत.

"मूळ पुरुष काळ्या घोड्यावर बसायचे," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी ग्रंथालयातून आडनावांवरची तीन जाड पुस्तकं आणली. काळ्या रंगाची आडनावं जगभर आहेत. जर्मनीत श्वार्त्स, हंगेरीत फेकेते, तुर्कस्तानात कारा. घोडा एकाही पुस्तकात नव्हता. बहुतेकांचे नुसते केस काळे होते. इटलीतले रोसी आणि फ्रान्सातले रू यांचे तांबडे. इंग्रजांच्या ग्रीनचं घर गावच्या कुरणाला लागून होतं, माणूस हिरवा नव्हता. एकानेही आपलं नाव आपण ठेवलं नव्हतं. शेजारी हाक मारत गेले, कारकुनाने लिहून घेतलं, आणि नातवंडं-पतवंडं जन्मभर त्याच नावाने सह्या करत बसली.

"कोळसा पाडणारेही असायचे म्हणे," मी सासूबाईंना सांगितलं.

"ते दुसरे," त्या म्हणाल्या.

तपकिरीचं पान उघडलं, तर ते सगळ्यांत मोठं निघालं. ब्राउन, ब्रुनो, ब्रं. इंग्रजांत तर जिकडे बघावं तिकडे ब्राउनच. पिवळ्याच्या पानावर मोजकी नावं होती. चिन्यांचं ह्वांग ठळक होतं, पण तेही एका जुन्या राज्याच्या नावावरून आलेलं, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते पान उलटलं. मला मुलीसाठी पिवळाच हवा होता. पिवळ्यात प्रसन्नता असते.

चार पानी टिपण करून मी बाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते उभ्या-उभ्याच वाचलं.

"म्हणजे मी आत्ता तपकिरी म्हटलं, तर आठशे वर्षांनी हिचे वंशज तपकिरे होणार?"

"झालेत असे लोक. पान तीन बघा."

"माझ्याकडे मुलं एकच वर्ष असतात हो," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला झोप लागत नसेल तर बदला. पिवळीच्या घरच्यांना विचारा आणि स्टिकरं तुम्हीच लावा."

पिवळीचे वडील बस चालवतात. ते फाटकापाशीच भेटले. "घ्या की," ते म्हणाले. "आमची कुठल्याही रंगाला ओरडते."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी दोघींच्या जुन्या स्टिकरांवर बारा नवी डिंकाने चिकटवली. शिपाई बघत होता. "आता तुम्ही पिवळीची आई का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मला बरं वाटलं.

सोमवारी मी काचेपाशी उभी राहिले. माझ्या मुलीला पिवळ्या चटईवर बसवलं होतं. ती उठली आणि तपकिरी चटईच्या कडेशी जाऊन उभी राहिली. त्या चटईवर बसचालकाची मुलगी मांडी घालून बसली होती.

"पिवळी?" बाईंनी हाक मारली.

कुणी काही बोललं नाही. महिना संपायला चारच दिवस उरले होते.

"तपकिरी?"

बसचालकाच्या मुलीने तोंड उघडलं.

"ती नाही, मी!" माझी मुलगी म्हणाली. इतक्या मोठ्यांदा की मला काचेबाहेर ऐकू आलं. "मी आहे तपकिरी! ऊठ! तपकिरी चटई माझी आहे, तपकिरी खुंटीला माझी पिशवी असते, आणि तपकिरी पेल्याला टवका उडालाय, तो मीच उडवलाय!"

बसचालकाची मुलगी उठली आणि काही झालंच नाही अशा थाटात पिवळ्या चटईवर जाऊन बसली.

बाईंनी मागे न बघता दाराकडे हात केला. "या आत. काढा ती स्टिकरं."

मला बसायला वीतभर उंचीचं स्टूल मिळालं. माझा डिंक चांगला होता, नखांना दाद देईना. मागे मुलगी सगळ्यांना सांगत होती की बाबा घोरतात, आमचा नळ गळतो आणि आजी घोड्याच्या गोष्टी सांगते. बाईंनी हजेरीच्या वहीत तिच्या ओळीसमोर काहीतरी लिहिलं. मी मान लांब करून वाचलं. 'बोलते', एवढंच होतं.

अकरावं स्टिकर निघत असताना ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, तू घरी जा."

"एकच राहिलंय गं."

"ते मी काढते," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही."