बद्द वाजलेली पायरी

मी शिडी बोलतेय. दचकू नका, दचकण्याचं खातं माझ्याकडे आहे. उंचीला घाबरणारी शिडी तुम्ही पाहिली नसेल, ती मीच. सुताराने मला पहिल्यांदा उभी केली तेव्हा मी डोळे गच्च मिटले. उघडले तर कानाशी ढग घोरत होता. सुतार म्हणतो, ढग कसला, भुसा होता. म्हणू दे बापडा.

तिथून मी चर्चमध्ये आले, तिथल्या सेवकाच्या हाताखाली. बाकं पुसणं, घंटा वाजवणं, छताचे दिवे बदलणं, सगळं त्याच्याच अंगावर. चढण्याआधी तो माझ्या एकेका पायरीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. धड पायरी खणखणीत वाजते, आतून चिरलेली बद्द.

खाली मला धरून त्याची बायको उभी असायची. "माझी नाडी कधी एवढ्या मायेने बघितली नाहीत," म्हणायची.

"तू माझीच आहेस गं. शिडी प्रभूच्या घरची, मला नुसती सांभाळायला दिलेली. त्याने विचारलं तर काय सांगू?"

मग एका दुपारी कोपऱ्यात उभी असताना माझ्या मधल्या पायरीत बारीक 'कट्' झालं. वरून रंग शाबूत, आत चीर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खोलीत जुन्या मोडक्या बाकाचं काय झालं, ते मी पाहिलं होतं. त्याच्या फळ्या चुलीत घालून चहा झाला होता. चीर कळली तर माझी चूल, नाही कळली तर कुणाची तरी मान.

त्याच संध्याकाळी लग्न होतं आणि वेदीवरचा दिवा गेला. सेवकाचा गुडघा सुजलेला. बायकोने चपला काढल्या. "तुम्ही धरा, मी चढते." तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

"थांब. वाजवून बघितली नाही."

"सकाळी बघितलीत की."

"ती सकाळच्या चढण्यापुरती."

नवऱ्या मुलाचे मामा मागे येरझारा घालत होते. "अहो, शिडी आहे की पेशंट? पाहुणे ताटकळलेत."

पेरं वर सरकू लागली. आता एक गुपित सांगते. लाकडाने श्वास रोखला की चीर मिटते आणि पायरी छान वाजते. मी श्वास रोखला. चूल दिसत होती ना डोळ्यांपुढे. पण खाली दगडी फरशी होती आणि माझ्या दांड्यावर त्या बाईचे तळहात होते. रोज मला घट्ट धरणारे, आज घामेजलेले. माझ्यावर भरवसा टाकून ती वर बघत होती. मला दिलेलं काम एकच, माणूस वर नेऊन धड खाली आणणं. मी थरथरत श्वास सोडला.

बद्द.

"ठीक वाजली की," मामा म्हणाले.

"खाली उतर," सेवक बायकोला म्हणाला. त्याने त्या पायरीवर काठी टेकवून जोर दिला. ती काडीसारखी मोडली. मामा मटकन बाकावर बसले आणि लग्न लागेपर्यंत घाईचं नाव काढलं नाही. लग्न मेणबत्त्यांच्या उजेडात लागलं.

सकाळी सेवक करवत घेऊन आला. मागे चहाचं आधण ठेवायची तयारी चालली होती. माझे दोन्ही खूर गार पडले.

"जाळणार नाही ना हो हिला?" बायकोने विचारलं.

"खरं बोलणाऱ्याला कोणी जाळतं का?"

जाळतात हो, मी मनात म्हणाले. करवतीचा पहिला दात लागला तेव्हा मी प्रार्थना केली. शब्द आठवत नाहीत, बहुतेक नुसतं 'नको नको'च होतं.

त्याने मला मोडक्या पायरीखाली कापलं. आता मी बुटकी आहे. छत मला परकं झालं. खालच्या खिडक्या पुसायच्या असल्या की ती बाई मला एका हाताने उचलून नेते. त्या काचा पुसताना तिचा तोल माझ्याकडे असतो, आणि मला वाटतं, वरच्या मालकाला एवढाही हिशेब चालेल. भीती गेली म्हणाल तर नाही. लाकूड आहे, पुन्हा चिरेल. थापा मी पुष्कळ मारते, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. पण माझ्यावर कुणाचा पाय असताना एकही नाही.